ध्वनिमुद्रिकेचा पाठ आणि श्रुतीचा प्रश्न : तिरुविडैमरुदूरच्या निमित्ताने

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर आठ-नऊ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर हे गाव आहे. महालिंगस्वामीच्या विस्तीर्ण मंदिरामुळे शैव परंपरेत त्याला मोठे स्थान आहे. संस्कृत परंपरेत या क्षेत्राला मध्यार्जुन म्हणतात, कारण उत्तरेकडील श्रीशैलाचा मल्लिकार्जुन आणि दक्षिणेकडील तिरुप्पुडैमरुदूर या दोन अर्जुनक्षेत्रांच्या मधले हे क्षेत्र मानले गेले आहे. मराठीच्या अभ्यासकाला हे गाव आणखी एका कारणाने परिचित असते. 1798 मध्ये तंजावरची गादी दुसऱ्या सरफोजीकडे गेली आणि पदच्युत अमरसिंह येथे येऊन राहिला. राज्य गेले तरी दरबाराची हौस गेली नव्हती. अमरसिंह व त्याचा पुत्र प्रतापसिंह यांच्या आश्रयाने येथे गायक-वादकांचा एक लहानसा परिवार जमला. घनम् कृष्ण अय्यर येथे होते. हिंदुस्थानी पद्धतीचे गायक रामदास येथेच होते आणि ‘नंदनार चरित्रम्’कार गोपालकृष्ण भारती यांनी त्यांच्याकडून हिंदुस्थानी संगीताचे धडे घेतले. मराठी राजकुळ, तमिळ रचनाकार आणि हिंदुस्थानी गायकी यांची अशी गाठ कावेरीच्या काठी अनेक ठिकाणी पडली. येथे ती विशेष घट्ट पडली.

याच गावाचे नाव पुढे एका वाद्याशी जोडले गेले. गोट्टुवाद्य, म्हणजे आजची चित्रवीणा, हे पडदे नसलेले वीणेसारखे वाद्य. तारांवरून लाकडी दांडका सरकवत त्यातून स्वर काढतात. विस्मृतीत चाललेल्या या वाद्याला मैफलीत पुन्हा स्थान मिळवून देण्याचे श्रेय तिरुविडैमरुदूरच्या सखारामरावांना दिले जाते. नावावरूनच कळावे की हे तंजावरी मराठी घराण्यातले. त्यांचे शिष्य गोट्टुवाद्यम् नारायण अय्यंगार यांनी हे वाद्य म्हैसूर दरबारापर्यंत नेले. दुसरे शिष्य सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर हे गायक, आणि लहान वयात तिरुविडैमरुदूरला सखारामरावांपाशी झालेली तालीम हे आपल्या आयुष्यातले निर्णायक वळण असे ते मानत. सखारामरावांचा हात आज श्रोत्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः असा, दुसऱ्यांच्या गळ्यातून आणि बोटांतून. 1908 मध्ये जन्मलेल्या आणि 2003 मध्ये निवर्तलेल्या सेम्मंगुडींच्या कारकिर्दीने लाखेची 78 फेऱ्यांची तबकडी, दीर्घवादन तबकडी, चुंबकीय फीत, कॅसेट आणि सीडी ही ध्वनिवाहकांची सारी वंशावळ पाहिली. एकच गळा पाच वाहकांवरून ऐकू येत असेल, तर त्यांतला कोणता अधिक खरा, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

हा प्रश्न साधारणपणे हौशी श्रोत्यांच्या वादात ‘विनाइल श्रेष्ठ की डिजिटल’ अशा स्वरूपात येतो आणि तेथे तो आवडीनिवडीचा होऊन राहतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तो वेगळ्या बाजूने महत्त्वाचा आहे. मौखिक परंपरेचा, कीर्तनाचा, हरिकथेचा किंवा पदगायनाचा विसाव्या शतकातला पुरावा आता बहुतांशी तबकड्यांवर आहे आणि त्या तबकड्यांचे डिजिटल रूपांतर वेगाने चालू आहे. रूपांतर झाले की मूळ तबकडी अडगळीत जाते, भंगारात जाते, क्वचित फुटते. म्हणून कोणता वाहक काय राखतो आणि काय गाळतो हे नेमके कळणे ही संहितासमीक्षेची पूर्वअट ठरते.

प्रथम तबकडीविषयी. विनाइल तबकडीवरची खाच म्हणजे ध्वनिलहरीची प्रत्यक्ष आकृती. सुई त्या वळणांवरून जाते, हलते, आणि त्या हालचालीची वीज होते. कल्पना इतकी सरळ आहे की खाचेत आवाज जसाच्या तसा बसलेला असतो असे वाटते. तसे नाही. मंद्र स्वरांना मोठी वळणे लागतात. ती जशीच्या तशी कापली तर शेजारच्या खाचा एकमेकींत घुसतील. म्हणून कापताना मंद्र ध्वनी दाबला जातो आणि तार ध्वनी उचलला जातो. 1954 पासून सर्वत्र रूढ झालेल्या प्रमाणानुसार श्रवणकक्षेच्या दोन टोकांना हा फेरफार प्रत्येकी सुमारे 20 डेसिबलचा असतो, आणि वाजवताना यंत्र तो उलटा फिरवते. म्हणजे तबकडीवरही ध्वनी संकेतात लिहिलेला असतो. हा संकेत न जाणणाऱ्या यंत्रावर ती तबकडी वाजवली तर किरकिऱ्या, पोकळ आवाजापलीकडे काही हाती लागत नाही.

दुसरी अडचण भूमितीची आहे. बारा इंची तबकडी मिनिटाला 33⅓ फेऱ्यांनी फिरते. ही गती बदलत नाही, पण सुईखालून सरकणारी खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर धावते आणि आतल्या कडेला 21 सेंटिमीटरच. दहा हजार हर्ट्झच्या लहरीला बाहेर 51 मायक्रोमीटर जागा मिळते, आत फक्त 21. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या अठरा मायक्रोमीटरच्या आसपास असते. एवढ्या बोथट लेखणीने इतकी बारीक अक्षरे वाचायची म्हटल्यावर वाचन अडखळणारच. तबकडीच्या शेवटाकडे आवाज धूसर होतो तो यामुळे. कर्नाटक मैफलीच्या रचनेत याचा परिणाम फार विपरीत होतो. कल्पनास्वरांची चढण, मृदंगाचे तनि आवर्तन, म्हणजे जे सर्वांत दाट, जलद आणि मोठ्या आवाजाचे, ते शेवटी येते आणि तबकडीच्या सर्वांत अरुंद जागेत कापले जाते.

तिसरी अडचण श्रुतीची, आणि या लेखाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. तबकडीचे मधले भोक नेमके केंद्रात असेलच असे नाही. समजा ते अर्ध्या मिलिमीटरने सरकलेले आहे. तर प्रत्येक फेरीत सुईखालची गती किंचित वाढेल आणि किंचित घटेल. गणित सोपे आहे : बाहेरच्या कडेला ही घटबढ सुमारे 0.34 टक्के, आतल्या कडेला 0.83 टक्के. सेंटच्या भाषेत, म्हणजे अर्धस्वराचे शंभर भाग केले तर, बाहेर सहा सेंट आणि आत चौदा सेंट, आणि हे दोन्ही दिशांना. आतल्या कडेला स्वर एकूण अठ्ठावीस-एकोणतीस सेंटांच्या पट्ट्यात दर 1.8 सेकंदाला एक झोका घेतो. भरताच्या श्रुतिव्यवस्थेतली प्रमाणश्रुती 81/80 या गुणोत्तराची धरली तर ती साडेएकवीस सेंटांची होते. अर्धा मिलिमीटर सरकलेले भोक तबकडीच्या शेवटी एका प्रमाणश्रुतीहून मोठा हेलकावा निर्माण करते.

पियानोच्या संगीतात हा दोष कानाला खटकतो हे पाश्चात्त्य श्रोत्यांनी पूर्वीच नोंदवले आहे. ज्या संगीतात तंबोरा अखंड वाजतो तेथे तो अधिक खटकायला हवा, कारण स्थिर षड्ज हाच तेथे बाकी सगळ्याचा आधार असतो. गमक हे स्वराचे हेतुपूर्वक केलेले आंदोलन. तोडीचा गांधार किंवा शंकराभरणातील कंपित मध्यम यांची ओळखच आंदोलनाने होते. यंत्राचा झोका मंद आणि नियमित असतो, गायकाचे आंदोलन जलद आणि अर्थपूर्ण. तेव्हा सरावलेला कान दोहोंत गल्लत करणार नाही हे खरे. परंतु कोणी या ध्वनिमुद्रणावरून श्रुतींचे मापन करू म्हणेल तर तो फसेल. महाराष्ट्रात कृ. ब. देवल, अर्नेस्ट क्लेमंट्स आणि अब्दुल करीम खाँ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींचे मापन हाती घेतले होते. त्या काळच्या तबकड्यांवरून आज तेच काम पुन्हा करायचे तर भोकाचे मोजमाप आधी घ्यावे लागेल.

डिजिटल पद्धतीविषयीचा सर्वांत रुळलेला आक्षेप असा : ध्वनी अखंड असतो, आकडे तुटक असतात, सीडी सेकंदाला 44,100 नमुने घेते म्हणजे ध्वनीचे तेवढे तुकडे करते, मग दोन नमुन्यांच्या मधले काय झाले? मींड, घसीट, गोट्टुवाद्यावरची लांबलचक सरक, ही अखंडतेचीच उदाहरणे. ती पायऱ्यांत कशी मावणार? साहित्याच्या अभ्यासकांना हा आक्षेप विशेष पटतो, आणि त्याचे कारणही उघड आहे. लेखनाने बोलीचा प्रवाह अक्षरांत तोडला, स्वरलिपीने गमकाचा प्रवाह सरगमच्या अक्षरांत तोडला, हे त्यांना ठाऊक असते. सुब्बराम दीक्षितरांनी 1904 मध्ये एट्टयपुरम येथून ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ प्रसिद्ध केली तेव्हा प्रत्येक गमकासाठी वेगळी खूण योजावी लागली, आणि तरीही गुरुमुखाविना त्या खुणा मुक्याच राहतात. त्याच वर्षी दक्षिणेच्या प्रवासात भातखंडे त्यांना भेटले. पुढे भातखंडे यांनी स्वतः रूढ केलेल्या लिपीपुढेही ही अडचण राहिलीच.

नमुना आणि स्वरलिपीतले अक्षर या मात्र सर्वस्वी भिन्न जातीच्या गोष्टी आहेत, आणि त्यांना एक मानण्यात या वादातली मुख्य चूक आहे. स्वरलिपी अर्थाचे एकक निवडते. हा गांधार, हा मध्यम, असे म्हणते आणि मधले सोडून देते. नमुना काहीच निवडत नाही. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत, ज्याची शॅननने केलेली मांडणी 1949 मध्ये प्रसिद्ध झाली, असे सांगतो की ज्या लहरीत एका ठरावीक मर्यादेपलीकडची कंपने नाहीत तिचे त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले, तर त्या नमुन्यांतून जाणारी लहर एकच असते. दोन नाहीत, अंदाजे नाही. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झच्या पलीकडे ऐकत नाही. पन्नाशी उलटलेल्याचा कान तर त्याच्या बराच अलीकडे थांबतो. 44,100 नमुने या मर्यादेला पुरून उरतात. यंत्रातून बाहेर येणारी लहर पायऱ्यापायऱ्यांची नसते. ती पुन्हा अखंड झालेली असते. सखारामरावांच्या दांडक्याची सरक त्यात कोठेही तुटत नाही. दोन नमुन्यांच्या मधल्या क्षणी दांडके कोठे होते, हेही त्या आकड्यांतूनच निश्चित होते.

उरतो प्रश्न आकड्यांच्या सूक्ष्मतेचा. सीडीचा प्रत्येक नमुना सोळा बिटांचा असतो आणि एक बिट म्हणजे सुमारे सहा डेसिबल. यातून 96 डेसिबलचा पल्ला मिळतो. चांगल्या विनाइल तबकडीचा पल्ला साठ ते सत्तर डेसिबलच्या दरम्यान असतो. निर्मळतेच्या, स्थिरतेच्या आणि पल्ल्याच्या कसोटीवर सीडीचा दर्जा तबकडीहून वरचा आहे, याबद्दल अभियंत्यांत मतभेद नाही. अधिक उच्च दर्जाच्या डिजिटल नमुन्यांनी कानाला फरक पडतो का, यावर वाद आहे. 2007 मध्ये मेयर आणि मोरान यांनी प्रसिद्ध केलेल्या आंधळ्या चाचण्यांत उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच ध्वनिमुद्रण सीडीच्या मापातून गाळलेले, असे दोन्ही श्रोत्यांना ऐकवले गेले. 554 चाचण्यांत 276 उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढीच आली असती. पुढे 2016 मध्ये जोशुआ राइस यांनी अठरा प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात बरोबर उत्तरांचे प्रमाण 52.3 टक्के दाखवले. फरक आहे, पण तो केसाएवढा आहे, आणि तोही डिजिटलच्या दोन प्रतींमधला.

एमपी3ची गोष्ट निराळी. तेथे ध्वनीचा जो भाग कानाच्या लक्षात येणार नाही असा तर्क केला जातो तो मुद्दाम गाळला जातो. सीडीवर सेकंदाला चौदा लाखांहून अधिक बिट असतात. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमपी3 प्रतीत एक लाख अठ्ठावीस हजार. मृदंगाच्या थापेचे धारदार टोक अशा प्रतीत बोथट होते, तंबोऱ्याच्या जवारीतले वरचे स्वरांश भिजल्यासारखे होतात. डिजिटल वाईट असे म्हणणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात ऐकलेले असते ते हे, तेही मोबाइलच्या बोटभर ध्वनिक्षेपकातून. तुलना मग कसली?

एवढे सगळे मान्य केल्यावरही अनेक जाणत्या श्रोत्यांना तबकडी अधिक आवडते, हा अनुभव उरतोच. तो भ्रम म्हणून झटकणे अशास्त्रीय होईल. त्याचे एक कारण तबकडीच्या दोषांतच आहे. सुई आणि खाच यांच्या घर्षणातून मूळ स्वराला थोडे जास्तीचे स्वरांश चिकटतात आणि आवाज भरदार वाटतो. दोन्ही बाजूंचे ध्वनी एकमेकांत किंचित मिसळतात आणि मंच एकसंध वाटतो. खोलीतल्या ध्वनिक्षेपकाचा हादरा तबकडीपर्यंत पोचतो आणि पुन्हा सुईतून परततो. रुचीला हे मानवते, आणि रुचीला मानवणे हा काही गुन्हा नव्हे. मात्र त्याला ‘मूळाशी इमान’ हे नाव देता येत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बाजारात मिळणारी तबकडी आणि त्याच ध्वनिमुद्रणाची सीडी या बहुधा एकाच प्रतीच्या दोन छपाया नसतात, त्या दोन वेगळ्या आवृत्त्या असतात. मूळ फितीवरून प्रत काढताना मधे एक संपादक बसलेला असतो. तो काही उचलतो, काही दाबतो, खरखर पुसतो, कधी पोकळ सभागृहाचा भास देणारा कृत्रिम प्रतिध्वनी घालतो. 1990 नंतर पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या सीडी एकमेकींपेक्षा मोठ्याने वाजाव्यात म्हणून आवाजाचे सारे चढउतार दाबून सपाट करण्याची स्पर्धा लागली. 2008 मधील मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह त्याचे कुप्रसिद्ध उदाहरण. त्या सीडीपेक्षा तबकडी सरस वाटली तर तो तबकडीचा विजय नसून संपादकाचा पराभव आहे.

मराठी परंपरेत या परिस्थितीला जुना समांतर दाखला आहे. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण हस्तलिखितांच्या पिढ्यांमधून पाठभेद शिरले होते. तेव्हापासूनच्या प्रत्येक वाचकाने वाचली ती एकनाथांच्या कानातून गेलेली ज्ञानेश्वरी. पुढे एकनाथपूर्व पाठाचा शोध सुरू झाला आणि विद्वानांत वाद माजले. परंतु पाठभेद कागदाच्या जातीमुळे पडले, असे कोणी म्हटले नाही. ध्वनिमुद्रणाच्या वादात मात्र नेमके हेच घडते : आवृत्तीतला भेद वाहकाच्या माथी मारला जातो.

या गोंधळाचा पुरावा 2022 मध्ये फार ठसठशीतपणे पुढे आला. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी ही संस्था मूळ फितीवरून तयार केलेल्या महागड्या विनाइल तबकड्यांसाठी ख्यातनाम होती. डिजिटलचा स्पर्श नसलेला आवाज म्हणून तज्ज्ञ श्रोते या तबकड्यांचा दाखला देत. त्या वर्षी उघड झाले की 2011 पासून तिच्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत मूळ फितीची डिजिटल प्रत हा मधला टप्पा होता. दहा वर्षे ज्या कानांनी त्यात डिजिटलचा दोष शोधला नाही, तेच कान दुसऱ्या दिवशी फसवणुकीची तक्रार करू लागले. फसवणूक झाली होती यात शंका नाही, पण ती जाहिरातीत झाली होती, आवाजात नव्हे. जपानमधील डेनॉनने तर 1972 पासूनच डिजिटल ध्वनिमुद्रणे विनाइल तबकड्यांवर विकली होती.

अमेरिकेत त्याच 2022 मध्ये विनाइल तबकड्यांची विक्री सीडींच्या संख्येहून अधिक झाली, 1987 नंतर प्रथमच : चार कोटी दहा लाखांच्या आसपास तबकड्या, तीन कोटी तीस लाख सीडी. वॉल्टर बेंजामिनने 1930 च्या दशकात लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे प्रतिपादन केले होते. आता पुनरुत्पादित वस्तूलाच वलय चढले आहे. वीस-बावीस मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागते, धूळ पुसावी लागते, मधे उडी मारता येत नाही. या अडचणींनी श्रोत्याला बांधून ठेवले जाते आणि ऐकणे पुन्हा बैठकीचे होते. हा लाभ खरा आहे. तो ध्वनीचा गुण नव्हे, ऐकण्याच्या शिस्तीचा आहे, एवढेच.

वाहकाने संगीतावर सर्वांत खोल ठसा उमटवला तो ध्वनीच्या दर्जाने नव्हे, कालमर्यादेने. दहा इंची लाखेच्या तबकडीवर तीन मिनिटांहून थोडे अधिक मावत असे. तिरुविडैमरुदूरपासून काही किलोमीटरवरच्या तिरुवावडुदुरैचे नागस्वरवादक टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै यांची तोडी विख्यात आहे. उत्सवाच्या रात्री मिरवणुकीत तिचा विस्तार तासन्‌तास चाले. ती दक्षिणेत घरोघर पोचली तबकडीच्या दोन बाजूंवर बसवलेल्या सहा-साडेसहा मिनिटांत. अब्दुल करीम खाँ यांनी त्यागराजाची खरहरप्रियेतील ‘राम नी समानमेवरु’ ही कृती गायली तीही अशाच तबकडीवर. किराणा घराण्याच्या संथ आलापीचा पुरस्कर्ता तेथे तीन मिनिटांत बोलून मोकळा होतो. हे संक्षेप आहेत, आणि संक्षेपाचे स्वतःचे काव्यशास्त्र असते. 1948 मध्ये दीर्घवादन तबकडी आली तेव्हा बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली. 1982 च्या सीडीने चौऱ्याहत्तर मिनिटे दिली. आज काळाला मर्यादाच नाही. कोणत्या वाहकाचा आवाज चांगला, असे विचारणारा श्रोता कित्येकदा नकळत त्या त्या वाहकाच्या लांबीला सरावलेल्या रूपाविषयी बोलत असतो. राजरत्नम् यांच्या तोडीची तबकडी ज्यांनी ऐकली त्यांना तिची पूर्तता तिच्या अपुरेपणातच भेटली.

तंजावरच्या कीर्तनपरंपरेचे उदाहरण येथे बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवांसारख्या मराठी कीर्तनकारांची कीर्तने तंजावरात झाली, आणि त्यांच्या पूर्वरंग-उत्तररंगाच्या मांडणीतून, साकी-दिंडी-ओवी-अभंगांच्या वृत्तांतून तंजावूर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला घाट दिला. वाहक बदलला, कीर्तन एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेले. साकी तमिळमध्ये आली तेव्हा तिचे वजन थोडे बदलले. अभ्यासक या बदलाची नोंद करतो, कोणता भाग टिकला आणि कोणता गेला हे पाहतो. ध्वनिवाहकांच्या बाबतीतही हाच व्यवहार योग्य ठरतो.

लाखेच्या तबकड्यांच्या रूपांतरात असे निर्णय पदोपदी घ्यावे लागतात. 1925 पूर्वीचे ध्वनिमुद्रण कर्ण्यासमोर होत असे आणि त्यात दोन-अडीच हजार हर्ट्झच्या पलीकडे जवळजवळ काही उमटत नसे. विद्युत पद्धत आल्यावर ही मर्यादा पाच हजारांच्या आसपास गेली. त्या काळी फेऱ्यांची संख्या सर्वत्र नेमकी 78 नव्हती. 78 फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी 80 फेऱ्यांनी वाजवली तर गायकाचा षड्ज चव्वेचाळीस सेंटांनी चढतो, म्हणजे दोन प्रमाणश्रुतींनी. लयही तेवढीच वाढते. गायक कोणत्या पट्टीत गात असे, त्याची लय कोणती, यावर घराण्यांविषयीची विधाने उभारली जातात. पुष्कळदा त्यांचा पाया रूपांतर करणाऱ्याने यंत्राचा खटका कोठे ठेवला यावर असतो. खरखर पुसण्याचा मोह आणखी धोक्याचा. खरखर आणि तंबोऱ्याच्या जवारीचे वरचे स्वरांश एकाच कक्षेत राहतात. एक पुसले की दुसरे पुसले जाते, आणि स्वच्छ झालेल्या प्रतीत गायक निर्वात पोकळीत गात असल्यासारखा वाटतो. असे रूपांतर विनाइलवर पुन्हा छापले तरी गेलेली जवारी परत येणार नाही.

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2004 मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली आणि 2009 मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत स्पष्ट आहेत. जतनाची प्रत किमान सेकंदाला 48,000 नमुने आणि चोवीस बिट एवढ्या मापाची असावी, शक्य तर 96,000 नमुन्यांची. तिच्यात काहीही पुसू नये, सुधारू नये. सुधारलेली प्रत काढायची असेल तर ती वेगळी ठेवावी. आणि मूळ वस्तू टाकून देऊ नये. सीडीच्या मापाहून ही मापे अधिक आहेत ती मुख्यतः पुढच्या संपादनाला वाव राहावा म्हणून. कानाची गरज त्याहून कमी आहे. चेन्नईचे रोजा मुथैय्या संशोधन ग्रंथालय, 1982 पासूनचे गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूटचे संगीत संग्रहालय, 1990 मध्ये मुंबईत स्थापन झालेली भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था यांच्या कामामुळे या विषयाची जाण भारतात वाढली आहे. तरीही तबकड्यांचा फार मोठा साठा खासगी घरांत आहे, आणि कावेरीच्या खोऱ्यातल्या उष्ण, दमट हवेत विनाइल वाकते, कागदी वेष्टनांना बुरशी लागते. डिजिटल प्रतही अमर नसते. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उडतो, संगणकाची तबकडी एके दिवशी फिरेनाशी होते. फरक एवढाच की डिजिटल प्रतीची दुसरी प्रत पहिलीशी तंतोतंत जुळते, आणि खाचेची प्रत कधीच जुळत नाही. शिवाय तबकडी वाजवली की दर वेळी थोडी झिजते. वाचनाने झिजणारे हस्तलिखित, असे तिला म्हणता येईल.

म्हणून प्रत्येक रूपांतराबरोबर काही नोंदी असणे अगत्याचे आहे : कोणत्या प्रतीवरून केले, सुईच्या टोकाची त्रिज्या किती, फेऱ्या किती धरल्या आणि कशावरून, कोणता समीकरण-संकेत वापरला, भोक केंद्रात होते की सरकलेले. यांतली शेवटची नोंद क्वचितच केली जाते, वास्तविक तिचा उपाय सर्वांत सोपा आहे. भोक किंचित रुंद करून तबकडी हाताने सरकवायची, फिरताना सुईचा दांडा डावी-उजवीकडे झुलतो का ते पाहायचे, आणि तो झुलायचा थांबेपर्यंत सरकवत राहायचे. दांडा स्थिर झाला की तंबोराही स्थिर होतो; मग फेऱ्या ठरवायच्या आणि त्यानंतरच षड्जाचे मापन करायचे.